नळीतलं ऊन

आमच्या शेजारचे गफूरभाई रोज सकाळी साडेसातला स्वतःच्याच घरातल्या एका बंद दारासमोर उभे राहतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "कोण हाय का आत?"

आत कोणी नसतं. घरातही गफूरभाईंशिवाय दुसरं माणूस नाही. तरी ते थांबतात, कान देतात आणि पुन्हा विचारतात. असं तीनदा. आळीत नवा भाडेकरू आला की आठवड्याच्या आत मला गाठून हळूच म्हणतो, "सर, तुमचे शेजारी बरे आहेत ना?" मी म्हणतो, "अगदी बरे आहेत. दिव्याचं काम करतात." या उत्तरानं त्याची काळजी वाढते, पण एका दमात सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

भोरच्या एसटी स्टँडमागे गफूरभाईंचं दुकान आहे. पाणी शुद्ध करणारी यंत्रं ते दुरुस्त करतात. इकडे सारोळ्यापासून तिकडे वेल्ह्यापर्यंत कोणाचं यंत्र कुरकुरलं की गफूरभाईंना फोन जातो. या यंत्रात बोटाच्या जाडीची एक नळी असते. ती निळसर पेटते आणि पाण्यातले जंतू निकामी करते. तो निळा उजेड बघून सगळं जग निर्धास्त होतं. गफूरभाई मात्र त्या उजेडावर जन्माचे चिडलेले.

"सर, दिसतं ते काम करत न्हाई, आन् काम करतं ते दिसत न्हाई," हे त्यांचं लाडकं वाक्य. खरं काम करणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. निळा रंग आपला नुसता बरोबर येतो. "बँड वाजला म्हंजे नवरदेव आलाच, असं न्हाई," असं ते समजावतात. किरण जंतूचं नेमकं काय करतात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बीजावरच घाव घालत्यात. मग जंतूला पोरंबाळं व्हत न्हाईत. वंशच बुडाला, तर तुमाला जुलाब कुठनं व्हनार?" मी शाळेत विज्ञान शिकवतो. हा धडा इतक्या कमी शब्दांत मला कधी जमलेला नाही.

नळी वर्ष-दीड वर्षानं आतून थकते, तरी पेटत राहते. गफूरभाई अशी छान पेटलेली नळी काढून घेतात आणि म्हणतात, "उजेड हाय, जीव गेला." लोकांना वाटतं, माणूस फसवतोय. माझ्या बायकोलाही वाटलं होतं. "भाई, चांगली चालू आहे की!" असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी पेटीतून केळं काढलं.

हो, केळं. त्यांच्या पेटीत पाना, पकड आणि एक पिवळं केळं कायम असतं. केळ्याच्या अर्ध्या अंगावर कागद गुंडाळायचा, ते एका डब्यात नळीशेजारी ठेवायचं आणि झाकण लावून नळी पेटवायची. नळीत जीव असेल तर संध्याकाळपर्यंत उघडी बाजू काळपट तपकिरी पडते, झाकलेली पिवळीच राहते. आमचं केळं दोन्हीकडून पिवळंच राहिलं. बायकोनं मुकाट्यानं नवी नळी बसवून घेतली.

मी मात्र वेगळ्या कारणानं त्यांच्या तावडीत सापडलो. मोबाईलवरून मागवलेला, पेनाएवढा जंतुनाशक दिवा मी भाजीवर, चष्म्यावर, आणि मजा म्हणून स्वतःच्या तळहातावरही फिरवत असे. गफूरभाईंनी तो पेटवून डब्यात केळ्याशेजारी ठेवला. संध्याकाळी केळं काळवंडलेलं निघालं. ते माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे केळं न्हाई सर, ह्यो तुमचा हात हाय. आन् डोळा तर केळ्याहून नाजूक." दिवा त्यांनी जप्त केला. "कापूरहोळला माझ्या एका गिऱ्हाइकानं घेतला, त्यो नुसता निळा बल्ब निघाला. त्याला म्हनलं, देव्हाऱ्यात लाव. तुमचा खोटा असता तर तुमालाबी खेळायला दिला असता. खरा हाय, म्हनून नेतो."

त्यांचे नियम आम्हाला तोंडपाठ आहेत. दिवा रिकाम्या खोलीत लावायचा. दार बंद, बटण बाहेर. आत माणूस नको, मांजर नको, तुळशीची कुंडीही नको. जिथं सावली पडते तिथं किरण पोचत नाहीत, म्हणून वस्तू उलटून दुसरी बाजूही करायची. आत बघायचं तर जाड काचेतून बघायचं, कारण साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. नळी फुटलीच तर झाडू मारायचा नाही. तिच्यात पारा असतो. खिडक्या उघडून आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं.

एवढा जपून वागणारा हा माणूस. पण चूक झाली ती त्यांच्याच एका शब्दानं.

हा दिवा लोकांना कळावा म्हणून त्यांनी एक नाव काढलं होतं. आपल्याकडे गोधडी असो, पापड असो, डाळ असो, कीड-बुरशी लागू नये म्हणून ऊन दाखवतात. गफूरभाई सांगायचे, "देवाच्या उनानं जंतू मरत्यात ना? हे तसंच. नळीतलं ऊन." लोकांना ते पटकन कळायचं. त्यांच्या बायकोला, हमीदाभाभींना, ते जरा जास्तच कळलं.

भाभींची फुप्फुसं नाजूक होती. पावसाळ्यात आमच्याकडे तीन-तीन आठवडे सूर्य दिसत नाही. गोधड्या दमट होतात, त्यांना वास येतो, आणि त्या वासानं भाभींना खोकल्याची उबळ यायची. गोधड्या सगळ्या त्यांनी हातानं शिवलेल्या, टाकवत नव्हत्या. म्हणून गफूरभाईंनी मागच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, त्यावर गोधड्या पसरल्या, भिंतीवर चांगली हातभर नळी लावली आणि बटण बाहेर ठेवलं. वरवरची बुरशी तरी आटोक्यात येईल, एवढाच हेतू. भाभींना म्हणाले, "आता तुझ्या गोधड्यांना रोज ऊन."

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं आणि सारोळ्याला एका ढाब्याचं यंत्र दुरुस्त करायला गेले. भाभी तेव्हा आतच, गोधड्यांच्या मागे बसल्या होत्या. दिवा पेटलेला त्यांनी पाहिला, आणि उठल्या नाहीत. उलट पुढे सरकून दिव्याकडे तोंड करून बसल्या. थंडीत अंगणात ऊन खात बसतात तशा.

थोड्या वेळानं उठून त्या कामाला लागल्या. दुपारपर्यंत काही कळलं नाही. या दिव्याची खोडच ती. भाजतं आत्ता, कळतं काही तासांनी. दिवेलागणीला गफूरभाई घरी आले, तर भाभी डोळे गच्च मिटून भिंतीला टेकलेल्या. "डोळ्यात कुनी वाळू घातल्यावानी हुतंय हो," म्हणाल्या. चेहरा लालभडक. गफूरभाईंनी एकच विचारलं, "खोलीत गेली हुतीस?" आणि भाभी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "तुमीच म्हनला न्हवता का, ऊन हाय म्हनून? लई दिस झालं उनात बसून."

मी रिक्षा आणली. डॉक्टरांनी थेंब दिले, अंधारात राहायला सांगितलं. दोन दिवसांनी डोळे निवळले आणि नजर शाबूत राहिली. पण ते दोन दिवस गफूरभाई दवाखान्याच्या आणि घराच्या पायरीवर बसून होते. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला सावध केलं, त्यानं स्वतःच्या घरात बटण दाबण्याआधी एकदा हाक मारली नव्हती. ते शल्य मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हापासून 'नळीतलं ऊन' हा शब्द बंद झाला आणि हाक सुरू झाली. "कोण हाय का आत?" तीनदा. आणि मागच्या मोरीपासून भाभींचा आवाज यायचा, "न्हाई! मी हितं हाय!" तो ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नवा नियम. भाभी कधी मुद्दाम गप्प बसायच्या. मग गफूरभाई हातातलं काम टाकून घरभर शोधत फिरायचे, आणि भाभी हसायच्या. आमच्या दोन घरांची भिंत एकच असल्यामुळे हे सगळं आम्हाला ऐकू यायचं.

गेल्या माघात भाभी गेल्या. फुप्फुसांनीच दगा दिला. मुलगी साताऱ्याहून आली, चाळीस दिवस राहिली आणि परत गेली. हाक मात्र चालू राहिली.

आम्हाला वाटायचं, सवय आहे, हाक मारून ते बटण दाबत असतील. या श्रावणात मी त्यांना भाकरी-पिठलं द्यायला गेलो, तर मागच्या खोलीतून कुबट वास आला. दाराच्या काचेतून पाहिलं. दोऱ्यांवर गोधड्या तशाच होत्या आणि त्यांवर बुरशीचे काळे ठिपके धरले होते.

"भाई, नळी गेली का?"

"न्हाई. नवी हाय."

"मग लावत का नाही?"

त्यांनी बाहीनं काच पुसली. "उत्तर आल्याबिगर दाबायचं न्हाई, असा नियम हाय ना सर," म्हणाले. "उत्तर येत न्हाई."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला भिंतीपलीकडून हाक आली. एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला बायको हातातली कणीक टाकून मागच्या दाराशी गेली आणि ओरडली, "भाई, आत कोणी नाही! आम्ही सगळे बाहेर आहोत, दाबा!"

पलीकडे बराच वेळ काहीच झालं नाही. आपण भलतंच केलं की काय, या भीतीनं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खट् असा आवाज आला.

संध्याकाळी गफूरभाई आमच्या दारात उभे होते. हातात केळं, अर्धं तपकिरी, अर्धं पिवळं. ते बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "वहिनी, उद्या जरा मोठ्यानं. हमीदा लई मोठ्यानं वरडायची."