सर्जेराव गवयांनी परक्याचे गाणे तीस वर्षे गायिले त्याची हकीकत

श्री. आधी नमन गजाननास, मग शारदेस, आणि मग त्या सकळ श्रोत्यांस, जे तिकीट काढोन उन्हात उभे राहतात. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, माघ मासी दक्षिण देशी जे वर्तले ते यथामति लिहिले असे.

दक्षिण देशी सर्जेराव म्हणोन गवयी होते. रॉक नामक गायनाचे मोठे सरदार. केस खांद्यापावेतो, आवाज ऐसा की कौले हालावी, आणि संगे गिटारवाले अण्णाप्पा व ड्रम बडविणारे दोघे भाऊ. त्यांनी स्वतः साठ गाणी रचिली, परंतु मुलुखात डंका वाजला तो एकाच गाण्याचा, आणि ते गाणे त्यांचे नव्हते. तीस वर्षांमागे रेडिओवर इंदूअक्का नामे कोणी बाई पेटीवर संथ गात होत्या. पत्र न धाडणाऱ्या भावावर बहिणीचा रुसवा, ऐसे ते गाणे. सर्जेरावांच्या काळजात ते घर करोन बसले, आणि वही घेऊन शब्द उतरवू लागले, तो ऐन दुसऱ्या कडव्यास वीज गेली. मग अण्णाप्पांनी त्या जागी चांगली चार मिनिटे गिटार भरली. पुढे अक्कांस पत्र लिहोन रुकार घेतला, कॅसेटीवर नावही छापिले, परंतु कडवे पुसावयाचे राहिलेच, कारण गिटार फारच बहारीची जमली होती. आणि मग ते गाणे ऐसे चालिले की बोलता सोय नाही. वरातीत वाजू लागले, शिपायांनी सरहद्दीवर नेले, रुसलेल्या बहिणींनी भावांस पाठविले, आणि बापाने ऐकिले ते लेकीने पाठ केले. गिटारीची ती चार मिनिटे लोक तोंडाने वाजवीत आणि एक सूर चुकू देत नसत.

माघ मासी मैदानावर मोठा जलसा मांडिला. आठ हजार माणूस तिसरे प्रहरीच जमा जाहले. आणि सर्जेराव मांडवामागे हटून बसले, की आज ते गाणे होणे नाही.

अण्णाप्पा म्हणाले, "असं करू नगासा. लोक त्याच्यासाठीच आल्यात."

"म्हणूनच न्हाई. साठ गाणी केली मी. एक तरी कुणी मागितलंय काय? माझ्या मागं माझं म्हणून काय ऱ्हाणार, सांग की."

अण्णाप्पा गिटारीच्या तारा पुसत बसले. इतक्यात एक वृद्ध बाई कापडी पिशवी घेऊन आत आल्या आणि आपण इंदूअक्का ऐसे बोलिल्या. तीस वर्षांनी कडव्याचा जाब पुसावयास आल्या, ऐसे वाटोन सर्जेरावांनी पायच धरिले.

"चुकलं माझं, अक्का. दुसरं कडवं मी गाळलं."

"राहू द्या हो, ते जरा रडकंच होतं," अक्का म्हणाल्या. "माझं गाणं रेडिओवर एकदाच लागलं. तुम्ही गायलात म्हणून ते माझ्या भावानं छावणीत ऐकलं, आणि अकरा वर्षांनी मला पत्र आलं. तेवढे आभार मानायचे राहिले होते."

सर्जेराव बहुत शरमले, परंतु मनातले लपविणे त्यांस कधीच साधले नाही, म्हणोन साठ गाण्यांचे दुःख सांगितले आणि आज तुमचे गाणे गाणार नाही तेही सांगितले. अक्का रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, मग आधी मला एक म्हणू द्या."

मग अक्का खुर्ची ओढोन माइकपुढे बसल्या. सर्जेराव समजले, आता जुनी चाल, कडव्यासकट. परंतु अक्कांनी धरिले ते निराळेच. सर्जेरावांचे वडील साखर कारखान्यावर सायकलीने जात, त्या सायकलीवर सर्जेरावांनी तरुणपणी एक गाणे रचिले होते. कॅसेटीच्या मागल्या बाजूस ते पडोन राहिले, कोणी विचारिले नाही, आणि आता तेच अक्का पेटीविना संथ गात होत्या, पहिल्या शब्दापासोन शेवटपावेतो, कोठे न अडखळता.

अक्का मग म्हणाल्या, "कॅसेट घेतली होती माझं गाणं ऐकायला. उलटली तेव्हा हे सापडलं. शिवणाच्या मशिनीवर बसले की रोज हेच म्हणते." आणि गर्दीतून कोणी आवाज दिला, "आज्जी, हेच पुन्यांदा म्हणा की."

सर्जेराव पडद्याआड उभे होते, ते लहान मुलासारखे रडिले, आणि लपविले नाही. अक्का दुसऱ्यांदा गायिल्या, या खेपेस अण्णाप्पांनी हलकी गिटार धरिली. आणि मग सर्जेराव पुढे आले, अक्कांस नमस्कार केला, आणि अक्कांचे ते गाणे गायिले, जन्मात गायिले नव्हते ऐसे.

एकूण हकीकत इतकीच, की सर्जेरावांनी परक्याचे एक गाणे तीस वर्षे सांभाळिले, आणि त्यांचेही एक कोणी तितकीच वर्षे सांभाळीत होते, ते त्यांस ठाऊक नव्हते. उभयतांचे कल्याण असो.