चपट्या नाकाची गोळी आणि चमचाभर शिरा

"डुक्कर निसटलं तर नाव बदलीन!" शंतनूने परदेशातल्या, पेंडल हिल उपनगरातल्या आपल्या स्वयंपाकघरात जाहीर केलं.

ऑफिसातल्या बॅरीने त्याला डबो गावाजवळच्या आपल्या वडिलांच्या शेतावर रानडुकरांच्या शिकारीला बोलावलं होतं. बॅरीची टोळी नवख्याला एकच संधी द्यायची. जमलं तर दर सीझनला बोलावणं, नाहीतर कायमचा रामराम! शंतनूला त्या टोळीत जायचंच होतं. त्याने परवाना काढला, लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालचा दांडा ओढून गोळी चढवायची रायफल घेतली आणि भेटेल त्याला पकडून गोळ्यांचे आकार समजावत सुटला.

पुण्याहून आलेली आई तर घरातच सापडली. तिच्यापुढे त्याने मोदक ओळीने आडवे मांडले.

"हे बघ, या रायफलीत गोळ्या नळीत अशा एकामागे एक झोपतात. टोकदार घेतली तर तिचं टोक पुढचीच्या बुडाला टेकतं. धक्का बसला की नळीतच धडाम!"

"अगं बाई!"

"म्हणून चपट्या नाकाची!" त्याने मोदक उचलून पेढे मांडले. "टेकली तरी बिनधास्त. आणि लागली की डुक्कर आडवं!"

"मग पेढेच बरे," म्हणत आईने एक गोळी तोंडात टाकली.

"माझी पत्रिकासुद्धा इतकी बघितली नव्हतीस," सुखदा म्हणाली. बायकोला शस्त्रातलं काय कळतंय, म्हणून शंतनूने ते मनावर घेतलं नाही.

शिकार नेमकी दसऱ्याला ठरली. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सुखदाने दरवर्षीसारखे मिक्सर, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली पाटावर मांडली. आई भडकलीच!

"घरात पहिल्यांदा खरं शस्त्र आलंय, आणि तुम्ही मिक्सरला कुंकू लावताय?"

झालं! तिजोरीतून रिकामी रायफल निघाली, गोळ्या निघाल्या. आईने एकेका गोळीच्या नाकावर कुंकू टेकवलं. "आकार छान निवडलास हो! कुंकवाला जागा आहे." शंतनूची छाती फुगली. तेवढ्यात बॅरीचा फोन आला आणि तो खिडकीकडे तोंड करून "नो वरीज, मेट! नो वरीज!" करू लागला. फोन संपल्यावर मात्र त्याने प्रत्येक गोळी लख्ख पुसून डब्यात भरली. उगीच धोका कशाला?

दुसऱ्या दिवशी आर्वोला, म्हणजे दुपारी, शेतावर गोळ्या भरताना रायफल जरा घट्टच वाटली. नवी आहे, म्हणून त्याने अंगठ्याने जोर लावला. आणि झुडपातून डुक्कर आलं! केवढं? सुखदाच्या वॉशिंग मशीनएवढं!

"ऑल युअर्स, मेट," बॅरी कुजबुजला.

शंतनूने पाय रोवले. त्याने लिव्हर ओढली, नेम धरला, चाप दाबला.

खट्!

पुन्हा लिव्हर. पुन्हा खट्! तिसऱ्यांदा त्याने जीव खाऊन लिव्हर ओढली, तेव्हा वरच्या फटीतून काहीतरी टुणकन उडालं आणि बॅरीच्या टोपीवर बसलं. डुकराने दोघांकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि ते सावकाश निघून गेलं.

बॅरीने टोपी काढली. बेदाणा! त्याने रायफल हातात घेतली, तोंड जमिनीकडे करून उघडली. आतून तुपाचा ओघळ आला. नळीत गोळ्या शिऱ्यात रुतून बसल्या होत्या.

"व्हॉट द हेल इज धिस?"

शंतनूने घरी फोन लावला. "आई, रायफलीत शिरा कसा गेला?"

"मीच भरवला," आई अभिमानाने म्हणाली. "तू फोनवर होतास तेव्हा. कडेला तिचं तोंड आहे की, दाबलं की उघडतं! नैवेद्याशिवाय उठवायचं का शस्त्र? एवढ्या लांब उपाशी?"

"मग आता नाव काय ठेवायचं?" मागून सुखदाने विचारलं.

शंतनूला रडूच यायचं बाकी होतं. सगळे आकार पाठ, आणि ही फजिती! टोळीत जायचं स्वप्न संपलं. तिकडे बॅरी बोटाला लागलेलं काहीतरी हुंगत होता. मग खाऊचा डबा उघडून त्याने शंतनूच्या आईने वाटेसाठी दिलेला शिरा चाखला, पुन्हा चाखला, आणि डबा टोळीत फिरायला लागला.

आठवड्याभराने बॅरीचा मेसेज आला: 'यू आर इन, मेट! ब्रिंग युअर मम. लीव्ह द रायफल.'

शंतनूने तो चेहरा पाडून वाचून दाखवला. आईने चष्मा सरळ केला.

"किती माणसं असतात रे ती? त्या मानाने रवा घ्यायला हवा."