सनद वाचली, पण…

खेडच्या कोर्टात वकिली करताना माझं कधी पाऊल चुकलं नाही, आणि कोर्टाबाहेर तर माझं वागणं धुतल्या तांदळासारखं. म्हणूनच चाकणला दारूबंदी सप्ताहाचं नाटक ठरलं, तेव्हा दारुड्याची भूमिका मी बेधडक मागून घेतली. नाटक बसवणारे हेडमास्तर दौलतराव जरा घुटमळले. मी म्हणालो, "अहो, कोर्टात रोज दुसरं काय करतो मी?"

घरात तालमीला बायकोचा, यशोदेचा, सक्त विरोध. मग मी आमच्या कांद्याच्या वावरात जाऊ लागलो. एका संध्याकाळी झोकांड्या खात ओरडत होतो, "बाटली आण, नाहीतर घर पेटवून देईन!" शेजारचे दत्तोबा मोट हाकत होते. त्यांनी बैल सोडले आणि तडक गाव गाठलं.

गावातून तक्रार गेली आणि थोड्याच दिवसांत पुण्याहून जिल्हा न्यायाधीशांची नोटीस आली. वकिलाने दारू पिऊन उघड्यावर धिंगाणा घातला, सबब सनद का काढून घेऊ नये? नोटीस मी यशोदेला वाचून दाखवली.

"पण हे वावरात झालं, कोर्टात नव्हे," मी म्हणालो.

"मग वावरात जाताना सनद खुंटीला टांगून जाता वाटतं?" यशोदा म्हणाली.

चौकशीला दौलतराव माझे साक्षीदार. साहेबांनी दत्तोबांना विचारलं, "नेमकं काय पाहिलंत?"

"सांगून न्हाई समजायचं सायब. दावतो."

दत्तोबांनी पागोटं तिरकं केलं, एक डोळा मिटला आणि असे काही कोलमडले, की शिरस्तेदार सावरायला धावला. शिपायाने तर त्यांचं तोंड हुंगून पाहिलं.

"आता तुम्ही," साहेब मला म्हणाले.

मी जीव तोडून सगळा प्रवेश केला. साहेबांनी जांभई आवरली. "दत्तोबा, हेच पाहिलं होतंत?"

"व्हय. पर लांबनं लई बरं दिसत हुतं."

"तक्रार फेटाळली," साहेब म्हणाले. "हा माणूस प्यालेला वाटला, असं कुणी शहाणा म्हणणार नाही."

सनद वाचली! परतताना एस.टी.त मी हवेत होतो. दौलतराव मात्र दत्तोबांशेजारी जाऊन बसले होते. चाकण यायच्या आत माझी भूमिका गेली. माझ्याकडे विंगेतून वाक्यं सांगायचं काम आलं.

प्रयोगाला दत्तोबांनी मंडप डोक्यावर घेतला. पडदा पडल्यावर यशोदा मुद्दाम विंगेत आली, प्रसन्न चेहऱ्याने.

"तुमचं काम आज फार छान झालं," ती म्हणाली. "कुठं दिसलाही नाहीत, ऐकूही आला नाहीत."