श्यामला, मी आणि पिवळा पट्टा

हा सगळा उपद्व्याप मी बायकोच्या सहवासासाठी केला, हे आधीच सांगून टाकतो. (हसा. बिबवेवाडीतली आमची अख्खी सोसायटी हसून मोकळी झाली आहे.)

झालं असं, की खालच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंचं मंगळसूत्र भर रस्त्यात एका मोटरसायकलवाल्याने ओढून नेलं. लगेच आमच्या श्यामलाने शाळेच्या हॉलमधला कराटेचा क्लास लावला. कराटे ही ओकिनावा नावाच्या जपानी बेटावरची विद्या, हे ज्ञान मला तिच्याकडूनच मिळालं. क्लास संध्याकाळी, नेमका आमच्या चहाच्या वेळी. मी बँकेतून रिटायर झाल्यापासून त्या वेळी गॅलरीत मी पेपर वाचायचा आणि तिने समोर बसून बोलायचं, असा आमचा सुखाचा संसार. आता समोर रिकामी खुर्ची आणि चहा थर्मासमध्ये. थर्मासमधला चहा गरम असतो, पण तो ‘अहो’ म्हणत नाही. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हासुद्धा मला तिची एवढी आठवण आली नव्हती.

शेवटी मीही क्लास लावला. वाटलं, निदान शेजारी उभं राहता येईल.

पण कराटेत नवरा-बायको नसतात, पट्टे असतात. तिचा एव्हाना पिवळा झालेला, माझा पांढरा. पिवळे पुढच्या ओळीत आणि पांढरे मागे, शाळकरी पोरांत. मला दिसायची फक्त तिची वेणी. शिवाय पांढऱ्याने पिवळ्याला वाकून नमस्कार करायचा. (“घरी काय वेगळं असतं, काका?” असं क्लासचे श्रीधर सर म्हणाले. सर राहायला खडकीला, पण टोमणे अस्सल पेठेतले.)

पिवळा पट्टा मिळाला की तिच्या ओळीत जाता येणार होतं. मी झपाटलो. दूध तापेपर्यंत ओट्यापाशी हात चालवायचो, पेपर येईपर्यंत गॅलरीत पाय. (एक पाय तुळशीच्या कुंडीला लागला. त्याबद्दल घरात वेगळी परीक्षा झाली.)

पट्ट्याच्या परीक्षेला सरांनी विचारलं, “समोर कोण हवं?”

“श्यामला.”

“काका, विचार करा.”

“विचार करूनच सांगतोय.”

आम्ही समोरासमोर उभे राहिलो. कित्येक महिन्यांनी ती सबंध माझ्याकडे बघत होती. नियम सोपा होता. सरांनी हुकूम दिला की तिने ठोसा मारायचा आणि मी तो हाताने अडवायचा. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या कमरेकडे गेलं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “पट्टा सुटलाय.”

तो ‘अहो’ ऐकून मला काय वाटलं, ते कसं सांगू? इतक्या वर्षांच्या सवयीने माझे दोन्ही हात खाली आले, मान पुढे झाली आणि मी म्हणालो, “काय गं?”

नेमका तेव्हाच सरांनी हुकूम सोडला. श्यामला शिस्तीची. पिवळ्या पट्ट्याचा ठोसा नाकाच्या अलीकडे थांबतो, पण माझं नाकच पुढे आलं होतं.

“नापास,” सर म्हणाले. “काकूंचा ठोसा बरोबर होता.”

रिक्षात तिने माझ्या नाकाला रुमाल धरला. घरी आल्यावर चहा केला आणि गॅलरीत माझ्यासमोर बसली. मला भरून आलं.

“मला त्या कराटेशी काही देणंघेणं नाही,” मी म्हणालो. “संध्याकाळी तू नसलीस की करमत नाही. बोलायला कुणी नसतं.”

तिने आपला कप खाली ठेवला.

“मी होते तेव्हा तरी कुठे बोलायचात? आनंदीबाईंचं मंगळसूत्र गेलं म्हणून सांगितलं, तर पेपरमागून ‘हं’ म्हणालात. तिथे मी ओरडले की निदान अख्खा हॉल उलट ओरडतो.” मग तिने खुर्ची जवळ ओढली. “बोला आता. बसलेय मी.”

मी तोंड उघडलं. पण सवयच नाही, काही सुचेना. शेवटी म्हणालो, “चहा फक्कड झालाय.”

“आधी प्या तरी,” श्यामला म्हणाली.