साहेब उलटे झाले

देवरे काकांनी एकदा माझ्या पोळीला व्हर्नियर कॅलिपर लावला होता. आम्ही नुकतेच त्या सोसायटीत राहायला आलो होतो आणि मी शेजारधर्म म्हणून गरम पोळ्या आणि मेथीची भाजी घेऊन त्यांच्या दारात उभी होते. काकांनी शर्टाच्या खिशातून ते जाडी मोजायचं स्टीलचं हत्यार काढलं, वरची पोळी चिमटीत धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "कडेला दोन पॉइंट एक, मधे एक पॉइंट चार. मॅडम, पीस रिजेक्ट."

आतून काकू आल्या आणि त्यांनी डबाच माझ्या हातून घेतला. "दे वं बाई इकडे. त्यांना मोजू दे, मी खाते."

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात काकांनी बत्तीस वर्षं माल तपासला होता. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून त्यांनी सोसायटी घेतली. लिफ्ट तळमजल्यावर अर्धा इंच वर थांबते आणि जिन्याची सहावी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, असं ते दर महिन्याला चेअरमनना लेखी कळवत. काकांना टाळायला चेअरमन लिफ्ट सोडून जिन्याने जात, आणि सहाव्या पायरीला ठेचकाळत.

मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पहिल्या महिन्यात आम्ही सगळे फळं घेऊन भेटून आलो. काकू छताकडे पाहत पडून होत्या. ओळखतात की नाही ते कळेना, त्यांच्यासमोर काय बोलायचं ते सुचेना. हळूहळू जाणं थांबलं. बेल वाजवली की काका दार अर्धंच उघडून "ठीक आहे" म्हणत. आणि खरं सांगायचं तर त्यांनी पूर्ण उघडू नये असंच मला वाटे. अशी दोन वर्षं गेली.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी त्यांनीच माझी बेल वाजवली. नाशिकच्या थंडीत दात वाजत होते आणि काका नुसत्या बनियनवर उभे होते.

"मॅडम, तुम्ही बायॉलॉजी शिकवता ना? चला लवकर. साहेब उलटे झालेत."

काकांचे कोणी जुने साहेब घरी येऊन कोसळले असावेत असं मला वाटलं. मी चपला न घालताच धावले.

साहेब काचेच्या टाकीत होते. नारिंगी रंगाचा, लिंबाएवढ्या पोटाचा गोल्डफिश पोट वर करून पाण्यावर तरंगत होता. कल्ले चालू होते.

"याला साहेब का म्हणता?"

"आमचे प्लॅन्ट मॅनेजर असेच होते. दिवसभर तोंड उघडायचं, मिटायचं. काम काही नाही."

मी हसले, आणि मग माझं लक्ष गेलं. टाकी भिंतीला लावलेली नव्हती, खोलीच्या मधोमध एका उंच टेबलावर होती. तिच्यासमोर चाकाच्या खुर्चीत, शालीत गुंडाळलेल्या काकू बसल्या होत्या. त्या माझ्याकडे नाही, टाकीकडेच पाहत होत्या.

काका पाण्यात बोट घालून म्हणाले, "फिजिओवाल्या बाई म्हणाल्या होत्या, हिच्यासमोर काहीतरी हलतं ठेवा. टीव्ही लावून पाहिला. त्याच्याकडे ती बघत नाही. साहेब आले आणि दुसऱ्या दिवशी तिनं मान वळवली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत." त्यांनी बोट पुसलं. "काल रात्रीपासून साहेब फिरत नाहीत. तीही मान वळवत नाही."

मी अकरावीला बेडूक शिकवते. तसं सांगितल्यावर काका म्हणाले, "जवळचेच आहेत की." मग मी पुस्तकं चाळली, मासे विकणाऱ्या एकाला फोन केला. पोटात गडबड झाली की गोल्डफिशला तोल सांभाळता येत नाही. तीन दिवस उपास, पाणी थोडं कोमट, टाकीतली पातळी कमी, मग सोललेला उकडलेला मटार. शिवाय पाण्यात एप्सम सॉल्ट. ते आणायला काका मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने विचारलं, "पोट साफ होत नाही का?" काका म्हणाले, "माझं होतं. साहेबांचं होत नाही."

दुसऱ्या दिवसापासून टाकीच्या काचेला ग्राफपेपर चिकटला. काका दर चार तासांनी कोनमापक लावून साहेब किती कललेत ते मोजत. पहिला दिवस, एकशे पासष्ट अंश. तिसरा दिवस, एकशे दहा. साहेबांचा उपास असेपर्यंत काका स्वतः स्वयंपाकघरात पाठ करून जेवत. "उपाशी माणसासमोर खाणं बरं दिसत नाही," म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांनी चिमट्याने मटाराचं साल काढलं आणि त्याचा मोहरीएवढा तुकडा पाण्यात सोडला. साहेबांनी तो गिळला. संध्याकाळी ते आडवे का होईना, टाकीच्या अर्ध्यापर्यंत गेले. मी काकूंकडे पाहिलं. त्यांची मान किंचित, अगदी किंचित हलली होती.

"दिसलं?" काकांनी विचारलं. "बरोब्बर दिसलं ना?"

"दिसलं, काका."

आठव्या दिवशी मी कॉलेजमधून आले तर काका पार्किंगमधल्या जास्वंदीपाशी खुरपं घेऊन उकिडवे बसले होते. शेजारी हातरुमालाची पुरचुंडी होती.

"सकाळी तळाशीच होते," ते म्हणाले. "कोन सरळ होता, मॅडम. एकदम सरळ. म्हणून मला आधी कळलंच नाही."

मी त्यांच्याजवळ बसले. पुरचुंडीवर माती ओढून झाल्यावर मी म्हटलं, "आपण दुसरा आणू."

"आणू. पण टाकी धुवून, नवं पाणी आठ दिवस फिरवत ठेवायला पाहिजे. तुम्हीच सांगितलंत." ते खुरपं पुसत राहिले. "आठ दिवस तिनं काय बघायचं?"



दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खिचडी घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. टाकीवरचा ग्राफपेपर निघाला होता. स्वच्छ पाणी, एका कोपऱ्यात बुडबुडे, बाकी काही नाही. काकू नेहमीच्या जागी बसल्या होत्या.

काका टाकीच्या पलीकडे होते. कमरेत वाकून त्यांनी चेहरा काचेपाशी आणला होता आणि ते टेबलाची कड धरून, पाऊल पाऊल सरकत, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे चालले होते. पाण्यातून त्यांचा चेहरा मोठा आणि जरा वाकडा दिसत होता. माझी चाहूल त्यांना लागली नाही. ते बागलाणातल्या घरच्या बोलीत, हळू आवाजात काकूंना इकडे बघायला सांगत होते. त्या बोलीत मी त्यांना याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"आठे देख, सुमन. मी शे ना. आठे देख."

काकूंचे डोळे त्यांच्या मागोमाग सरकले. मग मानही. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर काका थांबले, गुडघ्यावर हात टेकून त्यांनी एक श्वास घेतला, आणि परत फिरले.