दहाला गुलाबी

एका जंगलात, बाळांनो, वाघ कमी आणि प्राध्यापक जास्त झाले होते. मग विद्यापीठ काढण्यावाचून इलाजच उरला नाही.

तिथे रसायनशास्त्राला अस्वलसर होते. अंगावर केस भरपूर, माया त्याहून जास्त. शिकवायचे कमी, पाठीवरून हात फार फिरवायचे. नखं लागायची, पण हात मायेचा म्हणून कुणी ओरडत नसे.

त्यांच्या हाताखाली पिंगा नावाची शेकरूची पोर शिकत होती. तिच्या अख्ख्या झाडावर पदवीधर कुणी नव्हतं. आता शेवटचं प्रॅक्टिकल तेवढं राहिलं होतं. आईने तर पदवीचा कागद ठेवायला एक ढोलीही रिकामी केली होती. आतल्या आंब्याच्या कोयी शेजारणीकडे ठेवल्या होत्या, आणि शेजारीण त्या रोज थोड्या थोड्या खात होती.

प्रयोग अगदी सोपा. चंबूत अ‍ॅसिड घ्यायचं. त्यात रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. वरच्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, अल्कली हळूहळू सोडायची. चंबू गुलाबी झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा लिहायचा. उत्तर दहा. सगळ्यांचं दहाच यायचं. अस्वलसर शिकत होते तेव्हाही दहाच आलं होतं.

सरावाच्या दिवशी पिंगाने नळी उघडली, तर पहिल्याच थेंबाला चंबू गुलाबी.

तिने चंबू धुतला, पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिने अ‍ॅसिडची बाटली हुंगली आणि हळूच जीभ लावली. (तुम्ही लावू नका. तुमच्या बाटलीत खरंच अ‍ॅसिड असलं तर पंचाईत व्हायची.) आत ओढ्याचं पाणी होतं. अ‍ॅसिड कधीच संपलं होतं, बाटलीवरची नावाची चिठ्ठी तेवढी टिकली होती.

तिने सरांना सांगितलं. सर रागावले नाहीत, मायाळूच ते. तिला जवळ बसवून म्हणाले, “बाळ, तू घाई करतेस. थेंब पडायला लागला की डोळे मिटायचे. दहावर आलं की उघडायचे. तेव्हाही गुलाबीच असतं ना?”

“असतं, सर.”

“मग?”

परीक्षा घ्यायला पलीकडच्या जंगलातून गिधाडसर आले. आधी जेवले, मग फिरले. ज्याला त्याला आकडा विचारायचे, दहा ऐकायचे, पुढे सरकायचे. फिरत फिरत पिंगापाशी आले.

“किती?”

“एकच थेंब लागला, सर. बाटलीत पाणी आहे.”

सगळ्या प्रयोगशाळेतल्या नळ्या थांबल्या. अस्वलसर आपली नखं बघू लागले. गिधाडसरांनी बाटलीकडे बराच वेळ मान वाकडी करून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “आमच्याकडेही पाणीच आहे, पोरी. पण आमची मुलं वळणाची आहेत.”

पिंगा नापास झाली. तिकडे शेजारणीने कोयी संपवल्या.

अस्वलसरांना मात्र ते लागलं. काही झालं तरी आपलीच पोर. त्यांनी धावपळ केली, अर्ज केले, आणि पुढच्या परीक्षेला बाटलीत खरंखुरं अ‍ॅसिड आलं. चांगलं कडक आलं. इतकं कडक की दहाला चंबू गुलाबी होण्याचं नावच घेईना. आजूबाजूच्या मुलांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. ती दहा लिहून डबे खायला गेली.

पिंगाचा चंबू दहाला पाण्यासारखा स्वच्छ होता. अजून अल्कली सोडावी म्हणून तिने नळीला हात लावला, तोच गिधाडसर समोर येऊन उभे राहिले.

“किती?”

पिंगाला ती रिकामी ढोली आठवली. तिच्यात आता मुंग्या राहत होत्या. तिने डोळे मिटले.

“दहा, सर.”

“रंग?”

“गुलाबी.”

गिधाडसरांनी चंबू उचलून उजेडात धरला. आरपार पलीकडचे अस्वलसर दिसत होते, डोळे पुसताना.

“छान,” गिधाडसर म्हणाले. “नजर सुधारली तुझी.”

पिंगा पहिल्या वर्गात आली. आता ती तिथेच शिकवते. पिंगामॅडमची मायाही तशीच आहे. शिवाय नखं बारीक, त्यामुळे मुलांना लागत नाही.

तात्पर्य : खरं सांगणारा विद्यार्थी वाया जात नाही. त्याला फक्त आणखी एकदा परीक्षेला बसवावं लागतं.