मेलकावेरीत डॅलसची वेळ

"हळू फिर रे जात्या, नको घरघर मोठी,
भाऊ माझा निजला गं उंबऱ्याच्या पाठी…"

साठ वर्षं झाली, पण अप्पाजींच्या कानात हा आवाज अजून तस्साच होता. थोरली बहीण कामाक्षीअक्का पहाटे जात्याला बसायची आणि सहा वर्षांचे अप्पाजी झोपेचं सोंग घेऊन ऐकत पडायचे. आपल्यासाठी दगडालासुद्धा हळू फिरायला सांगणारं माणूस जगात एकच असतं. ते माणूस गेलं, त्याला आता वर्ष भरत होतं. गुरुवारी अक्काचं पहिलं श्राद्ध होतं, आणि त्या श्राद्धाच्या वाटेत एक लॅपटॉप आडवा पडला होता.

लॅपटॉप अक्काच्या मुलाचा, कार्तिकचा. तो डॅलसला नोकरीला. नवा घेतला तेव्हा हा जुना त्यानं कुंभकोणमातल्या मेलकावेरीच्या घरी आईवडिलांना ठेवून दिला होता. यंदा रजा मिळेना, म्हणून कृष्णमूर्ती शास्त्रींनी तोड काढली. कार्तिकनं तिकडून पडद्यावर बसून संकल्प म्हणायचा, इकडे वडिलांनी तीळ-पाणी सोडायचं. "तोंड मुलाचं, हात बापाचा," शास्त्री म्हणाले, "पितर समजून घेतात. त्यांचीही मुलं अमेरिकेतच आहेत."

अप्पाजींना हे मुळीच पसंत नव्हतं. भाच्याचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडूजहर व्हायचं. "आई जाऊलाली होती, तेव्हा आला नाही. अग्नी बापानं दिला. हा तेराव्याला आला, तेही परतीचं तिकीट खिशात घालून!" हे त्यांचं गेल्या वर्षात आपल्या तंजावरी मराठीत सगळ्या कुंभकोणमला सांगून झालं होतं. लग्नांत सांगितलं, बारशांत सांगितलं, बस-स्टँडवर मयिलाडुतुरैच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका अनोळखी बाईला तमिळमध्ये भाषांतर करून सांगितलं. सेतुरामराव, म्हणजे अक्काचे यजमान, हा विषय निघाला की चष्मा काढून पुसायला घेत. चाळीस वर्षं स्टेशनमास्तरकी केलेला माणूस, पण बायको गेल्यापासून तोंडाला कायमचा लाल सिग्नल.

सोमवारी अप्पाजी तयारी बघायला आले, तर लॅपटॉपच्या कोपऱ्यात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बाहेर सकाळचे दहा.

"भावोजी, हे काये? अजून डॅलसमध्येच लोळूलाले हे?"

"असू दे," सेतुरामराव म्हणाले.

"असू दे? जन्मभर तुम्ही गाडी दोन मिनिटं लेट झाली तर ड्रायव्हरचा बाप काढलात, आणि साडेदहा तास लेट असू दे?"

अप्पाजी तिरुभुवनमच्या एका रेशीम सोसायटीत कारकून होते. तिथं पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हार यांनीच घातला होता. त्या अधिकारानं त्यांनी बाह्या सरसावल्या. सेटिंग्ज उघडली, वेळेच्या यादीतून भारत शोधला, बटण दाबलं. घड्याळ मुकाट्यानं दहा वाजून सात मिनिटांवर आलं. अप्पाजींनी कॉफी मागून घेतली आणि विजयी वीरासारखे घरी गेले.

मंगळवारी आले, तर परत डॅलस.

"चुकून हात लागला असेल," सेतुरामराव म्हणाले.

"हात लागून माणूस अमेरिकेला जात असता, तर सबंध मेलकावेरी तिकडे असती!" या खेपेला अप्पाजींनी मुळावरच घाव घातला. 'टाइम झोन आपोआप ठरवा' हे बटण चालू केलं. ते म्हणालं, आधी मी कोठे आहे ते कळू दे. मग 'ठिकाण' चालू केलं. लॅपटॉपनं दोन क्षण विचार केला आणि आपण कुंभकोणमात असल्याचं कबूल केलं.

बुधवारी सकाळी दहाला दोन्ही बटणं बंद, आणि कोपऱ्यात मंगळवार, रात्रीचे साडेअकरा.

"भावोजी, पिंडाला कावळा शिवेनासा झाला की काहीतरी राहून गेलं म्हणतात. या यंत्राचं तसंच दिसते. अक्काचं काही राहिलं होतं का हो?"

सेतुरामरावांनी चष्मा काढला.

अप्पाजींचा धीर सुटला. झोन नको, ठिकाण नको. त्यांनी सरळ घड्याळाचाच कान धरला आणि हातानं काटे फिरवावे तसे आकडे बदलले. बुधवार, सकाळचे दहा. दिसायला घड्याळ कुंभकोणमचं झालं, पण पोटात डॅलसच राहिलं. अप्पाजींना हे पोटातलं ठाऊक नव्हतं. ते व्हिडिओ लागतो का बघायला गेले, तर पडद्यानं सुनावलं, 'तुमचं घड्याळ पुढे आहे.'

"माझं पुढे आहे? तुझ्या मालकाचं मागे आहे, त्याला सांग की!"

तेवढ्यात त्यांना कार्तिकचं आमंत्रण दिसलं. रविवारीच येऊन पडलं होतं. 'आईचं श्राद्ध. गुरुवार, पहाटे २.००.'

अप्पाजींनी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं. मग बोटं मोजली. इकडे रात्रीचे दोन, म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन.

"चहाच्या सुट्टीत!" ते ओरडले. "आईचं श्राद्ध साहेबांनी चहाच्या सुट्टीत बसवलं! भावोजी, वाचा! बिस्किट बुडवता बुडवता पिंड ठेवणार हा!"

"अप्पाजी, मला वाटते जरा…"

"तुम्ही बोलूच नका! तुमच्या या मऊपणानंच तो असा झाला!"

फोन लागला कृष्णमूर्ती शास्त्रींना.

"रात्री दोनला?" शास्त्री गार पडले. "अहो, त्या वेळी जे जेवायला येतात, त्यांना पितर म्हणत नाहीत."

"तेच मी सांगूलालो! आमचं रद्द समजा. या पोराच्या सोयीनं मी अक्काला रात्री उठवणार नाही."

शास्त्रींनी दहा मिनिटांत चोळपुरमचं दुसरं श्राद्ध धरलं, उद्या दुपारी साडेबाराचंच. स्वयंपाकाच्या शिवकामीबाई त्यांच्याबरोबर तिकडच्या झाल्या. वीस केळीची पानं, वड्यांचं आणि अनारशासारख्या अधिरसाचं सामान आणि ताजं गाईचं तूप असा सगळा संसार मेलकावेरीच्या ओसरीवर अनाथ होऊन बसला.

मग अप्पाजींनी भाच्याला आवाजी निरोप धाडला. त्यात 'नालायक' तीनदा होतं, 'परतीचं तिकीट' दोनदा आणि शेवटी नुसताच श्वास होता. कुंभकोणमला तेव्हा सकाळचे अकरा झाले होते.

मिनिटभरात अप्पाजींचा फोन थरथरला. पडद्यावर अंधार, अंधारात विस्कटलेले केस.

"मामा, इकडे रात्रीचे साडेबारा वाजलेत. काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बाबा बरे आहेत. श्राद्ध मेलं! पहाटे दोनची वेळ देतोस? लाज आहे का?"

"कोणी दिली? मी दुपारी साडेबारा लिहिलंय. तुमच्याकडचे."

"माझ्या डोळ्यांसमोर दोन आहे!"

"लॅपटॉप डॅलसवर आहे, मामा. तुमचे साडेबारा तो आमच्या वेळेत दाखवतोय. आमचे पहाटेचे दोन. मी दोनला उठून बसणार होतो."

ओसरीवरचं तुपाचं भांडं अप्पाजींकडे बघत राहिलं. पण हरला तरी कारकून तो कारकून. "मग ते आपोआप बदलत का नाही? मी स्वतः चालू केलो होतो!"

"केलं असेल, तर आपोआप बंद होत नाही. कोणीतरी हातानं करतंय."

"इथे कोण करणार? भावोजी तर त्याला…" अप्पाजी थांबले. सेतुरामराव खिडकीकडे तोंड करून उभे होते.

आधी शास्त्रींना पकडणं भाग होतं. अप्पाजींनी फोन सेतुरामरावांच्या हातात दिला आणि घरच्या जुन्या फोनवरून शास्त्रींना लावलं. "शास्त्री, ते दोन म्हणजे साडेबारा हो…"

"अप्पाजी, तुमच्या घरी दिवस आहे की रात्र, ते आधी ठरवा. मी आता चोळपुरम सोडू शकत नाही. तिथलं उरकून येईन. दुपारी दोनला."

म्हणजे शेवटी दोनच! अप्पाजींना हसू आलं नाही. तोंड लपवायला त्यांना राग हवा होता आणि जुना राग हाताशी होता. "बघ," ते फोनकडे वळून म्हणाले, "आता दोनला आहे. म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे साडेतीन. उठशील, की आई जाताना झोपलास तसा झोपशील?"

"उठेन, मामा," कार्तिक हळूच म्हणाला. "तेव्हाही उठलो असतो."

"हो, हो! तुझ्या बापानं फोन काय कमी केले…"

"अप्पाजी, पुरे."

वर्षभरात सेतुरामरावांचा आवाज एवढा चढला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"बटणं मी बंद करूलालो. रोज. तुझी अक्का शेवटी सारखी विचारायची, त्याच्याकडे किती वाजले, म्हणून हा लॅपटॉप त्याच्या वेळेवर लावून तिच्या उशाशी ठेवलो होतो. मग ती वेळ काढवेना." ते पडद्याकडे वळले. "कार्तिक, सगळं एकाएकी झालं म्हणून तुला सांगितलो, ते खोटं. डॉक्टर मंगळवारी दुपारी दोनलाच म्हणाले, मुलाला बोलवून घ्या. मी फोन हातात घेतलो. तुझ्याकडे साडेतीन. तिनं हात धरला. म्हणाली, झोपू दे त्याला. सकाळ झाली, तर म्हणाली, आता कामावर निघाला असेल, गाडी चालवत असेल. मग मीटिंग. मग परत रात्र. अशी ती गुरुवारपर्यंत होती. दोन दिवस तुझ्याकडे बरी वेळ म्हणून झालीच नाही."

अप्पाजी ओसरीवर पानांच्या शेजारी बसले होते. कुठूनतरी जातं अगदी हळू फिरत होतं.

"आणि मामा गावभर तुला बोलत होता," सेतुरामराव म्हणाले, "ते मी वर्षभर ऐकून घेतलो. बरं वाटायचं रे. तोवर मला कोणी काही विचारत नव्हतं."